एक तळं धरा: कोल्हापुरात पक्षी बघायला सुरुवात करताना

पक्षी बघायचे तर राधानगरी-दाजीपूरच गाठायला पाहिजे, अशी कोल्हापुरात अनेकांची समजूत असते. राधानगरीबद्दल प्रश्नच नाही, 1958 साली जाहीर झालेलं ते राज्यातलं पहिलं अभयारण्य. पण नवख्या माणसाने सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दाट जंगलात पक्षी ऐकू येतो, दिसत नाही, आणि दिसलाच तर पानाआडून शेपटीचं टोक. मान दुखते, हाती काही लागत नाही आणि पुढच्या रविवारी माणूस अंथरुणातून उठत नाही. तळ्यावर सगळं उलट असतं. पाणी उघडं, पक्षी मोठे, एका जागी बराच वेळ थांबणारे आणि माणसांना सरावलेले. शिकायचं तर तळ्यावर शिकावं, आणि कोल्हापुरात तळ्यांची वानवा नाही.

तळं कुठलं निवडायचं

रंकाळा सगळ्यात सोयीचा. केएमटीच्या बसने जाता येतं, सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते त्यामुळे एकट्याने जायला भीती नाही, बसायला कट्टा आहे आणि चहा जवळ आहे. गावाकडची, म्हणजे टॉवर आणि चौपाटीची बाजू ही पूर्वेची. सकाळी तिथे उभं राहिलं की ऊन पाठीवर येतं आणि समोरचं पाणी स्वच्छ दिसतं. संध्याकाळी जाणार असाल तर पलीकडच्या अंगाला जा, नाहीतर पाण्यावरची चकाकी आणि काळ्या आकृत्या एवढंच दिसेल. ऊन पाठीशी ठेवण्याचा हा नियम कुठल्याही तळ्याला लागू आहे. तो पाळला नाही तर महागातली दुर्बीणसुद्धा काही कामाची नाही.

कळंबा तलाव गारगोटी रस्त्याच्या बाजूला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पाणी इथे साठतं. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की निम्मं गाव बघायला जातं, पण पक्ष्यांसाठी खरी मजा त्यानंतर. पाणी उतरायला लागलं की कडेने चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्या चिखलात चोची खुपसणारे पक्षी येतात. धरणाच्या भिंतीवर उभं राहून खोल पाणी बघण्यापेक्षा मागच्या बाजूला, जिथे तळं उथळ होत संपतं तिथे जा. खोल पाण्यात पाणकावळे आणि टिबुकल्या असतात, उथळात बाकी सगळे.

राजाराम तलाव शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला, गावापासून थोडा अलग आणि शांत. विद्यापीठाचा परिसरही चांगला, मोर तर हमखास. आत जाताना गेटवर विचारून जावं, एवढंच. पंचगंगेचा काठ, राजाराम बंधारा आणि प्रयाग चिखलीकडची नदी ही झाली दुसऱ्या टप्प्याची ठिकाणं. वाहत्या पाण्याचे पक्षी थोडे वेगळे आणि काठ निसरडे.

आता मुद्द्याचं. यातलं एकच निवडा, घराजवळचं, आणि निदान एक हिवाळा तेच धरून ठेवा. आज रंकाळा, पुढच्या आठवड्यात कळंबा, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मायणी, अशी धावपळ नवखे फार करतात. फोटो जमतात, ओळख होत नाही. एकाच तळ्यावर वारंवार गेलं की तिथलं रोजचं काय ते डोळ्यांत बसतं. वारकरी (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) कुठल्या कोपऱ्यात असतात, खंड्या कुठल्या तारेवर बसतो, घारी किती वाजता उतरतात हे माहीत झालं की त्यात एखादा पाहुणा आला तर तो न शोधता दिसतो.

कधी जायचं

सरधोपट उत्तर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. उत्तरेकडून, हिमालय ओलांडून येणारी बदकं आणि चिखलपक्षी याच काळात असतात. पण ते एकदम येत नाहीत. सप्टेंबर सरता सरता धोबी येतात, पाण्याच्या कडेने शेपटी खालीवर करत तुरुतुरु चालणारे. मग विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा दिसायला लागतात. बदकं बरीच नंतर, थंडी पडल्यावर. मार्च लागला की बहुतेकांची परतीची घाई सुरू होते.

एप्रिल-मेमध्ये तळं आटलेलं असतं, लोक जात नाहीत. मी म्हणेन जरूर जा. पाणी थोडं उरलं की पक्षी त्याच थोड्या पाण्याभोवती जमतात, बघायला सोपं.

पावसाळा मात्र दोन भागांत धरा. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी गाठतं तेव्हा नदीकडे फिरकायचं नाही. 43 फूट ही धोक्याची पातळी, आणि पंचगंगा तिथवर कशी येते हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. पण तळ्यांच्या काठी, उघडीप मिळाली की, याच दिवसांत इथले कायमचे पक्षी सजलेले असतात. एरवी मातकट दिसणारा वंचक, म्हणजे काठावरचा छोटा बगळा, पाठीवर गर्द तपकिरी शाल ओढतो. गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी होते. सुगरणीच्या खोप्यांची वर्दळ चालू असते. हिवाळ्यात पाहुणे बघायचे, पावसाळ्यात घरचे.

वेळ: सूर्योदयाच्या थोडं आधी काठावर असलेलं बरं. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे फार लवकर उठायला लागत नाही. नऊ-साडेनऊनंतर पक्षी सुस्तावतात आणि माणसं वाढतात. धुकं असेल तर घाई करू नका, ते विरेपर्यंत आवाज ऐका.

सोबत काय

दुर्बीण लागते. तिच्याशिवायही सुरुवात करता येते, रंकाळ्याच्या कट्ट्यावरून बगळे आणि वारकरी नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण गोडी लागायला दुर्बीणच पाहिजे. घेताना तिच्यावरचे दोन आकडे बघा: 8×42 म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. नवख्यासाठी हेच माप. दुकानदार 10×50 गळ्यात मारायला बघतो, जास्त जवळ दिसेल म्हणून. जास्त जवळ दिसतं खरं, पण हाताचा कंपही दहापट होतो, वजन जास्त, आणि नजरेचा घेर लहान झाल्याने पक्षी सापडत नाही. जत्रेत मिळणाऱ्या, लाल काचांच्या, ‘100×’ लिहिलेल्या दुर्बिणीवर पैसे घालवू नका. पहिल्यांदा कुणाची तरी मागून घ्या.

दुर्बीण लावायला शिकणं ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि ती कुणी शिकवत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर. दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीवर जवळ-लांब करा, दोन गोल एक होईपर्यंत. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करा, नसेल तर वर. मग लांबच्या एखाद्या पाटीवर नेम धरा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. आता डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची छोटी कडी फिरवा, उजव्या डोळ्याला तीच अक्षरं स्पष्ट होईपर्यंत. ती कडी कुठे आली त्याची खूण लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. दोन डोळ्यांचा नंबर थोडा वेगळा असतो, तो फरक या कडीने भरून निघतो. हे न केल्यामुळे कित्येकांना दुर्बिणीने डोकं दुखतं आणि ते दोष डोळ्यांना देतात.

पक्षी दुर्बिणीत पकडायची युक्तीही एकच आहे. पक्ष्यावरची नजर हलवायची नाही. मान न वळवता, डोळे पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण वर आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली आणि मग शोधायला लागलात की पक्षी गेला म्हणून समजा. गच्चीवर सराव करा, शेजारच्या टाकीवरचं कबूतर त्याला उत्तम.

बाकी: छोटी वही, पेन्सिल (पेनाची शाई ओल्याने पसरते), टोपी, पाणी, बंद बूट. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे, पांढराशुभ्र किंवा लालभडक टाळा. कॅमेरा पहिले काही महिने घरी ठेवा. कॅमेरा हातात असला की माणूस पक्ष्याऐवजी स्क्रीन बघतो, आणि पक्षी काय करत होता विचारलं तर सांगता येत नाही.

काठावर पोचल्यावर

पहिली दहा मिनिटं काही करू नका. गाडीचा दरवाजा, पावलं, बोलणं यांनी काठाजवळचे पक्षी आत सरकलेले असतात. तुम्ही एका जागी थांबलात की ते परत येतात. चालत राहणाऱ्यापेक्षा बसून राहणाऱ्याला जास्त दिसतं. तळ्याला पूर्ण फेरी मारलीच पाहिजे असा काही नेम नाही.

मग नजर फिरवायची ती जवळून लांब. आधी पायाजवळचा काठ, दगड आणि चिखल, कारण वंचक तिथेच असतो, अगदी दहा पावलांवर, आणि तो उडाल्यावरच कळतं की होता. त्यानंतर केंदाळ आणि पाणकणसाची कड, जिथे हिरवं संपून पाणी सुरू होतं ती रेषा. ही रेषा सावकाश, डावीकडून उजवीकडे, दुर्बिणीने चाळा. निम्मे पक्षी याच रेषेवर असतात. मग मोकळं पाणी. शेवटी वर: तारा, खांब, वाळकी झाडं, आकाश. पाण्यात उभ्या दगडी बांधकामांवरही नजर टाका, रंकाळ्यातला संध्यामठ पाण्याबाहेर असेल तेव्हा तोसुद्धा. पंख वाळवत बसायला पाणकावळ्यांना अशाच जागा लागतात.

तळ्यावरची सगळी बदकं, सगळे बगळे एकदम उठले तर त्यांच्याकडे बघू नका, वर बघा. दलदल भोवत्या किंवा दुसरा एखादा शिकारी पक्षी वरून निघालेला असतो. तळं तुम्हाला तो दाखवून देतं.

ओळख कशी करायची

रंगावरून सुरुवात करू नका. उजेडाप्रमाणे रंग फसवतो, नर-मादी वेगळे, पिल्लं आणखी वेगळी. आधी आकारमान ठरवा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग चोच, मग पाय, मग काय करतोय: बुडी मारतोय, डोकं खाली करून चरतोय, की काठावर खांबासारखा उभा आहे? रंग सगळ्यात शेवटी. हे क्रमाने वहीत लिहिलं की घरी जाऊन पुस्तकात शोधणं सोपं जातं.

कोल्हापुरातल्या तळ्यांवर नवखे हटकून अडकतात ते दोन घोळक्यांत, पाण्यावरचे काळे आणि काठावरचे पांढरे.

काळ्यांपासून. मोकळ्या पाण्यावर काळी गोल शरीरं तरंगत असतील आणि चोच नि कपाळ पांढरंफटक असेल तर ते वारकरी. त्यांना बदक म्हणू नका, त्यांच्या पायांना बदकासारखा सलग पडदा नसून प्रत्येक बोटाला वेगळ्या झालरी असतात. उडताना आधी पाण्यावर धावत सुटतात, त्याचा फटफट आवाज लांबून येतो. कपाळ लाल, चोचीचं टोक पिवळं, कुशीवर पांढरी रेघ आणि शेपटी सारखी उडवत असेल तर ती साधी पाणकोंबडी. तिच्यापेक्षा बरीच मोठी, निळ्या-जांभळ्या रंगाची, लाल पायांची, केंदाळावर पाय टाकत चालणारी असेल तर जांभळी पाणकोंबडी. एकदा बघितली की ती कुणी विसरत नाही. पाण्यात खोल बुडालेलं अंग, लांब मान, चोच किंचित वर, आणि बघता बघता बुडी मारून भलतीकडेच वर येणारा तो पाणकावळा. त्याची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून बाहेर आल्यावर पंख पसरून बसावं लागतं. फक्त सापासारखी मान पाण्याबाहेर दिसत असेल, बाकी अंग पाण्याखाली, तर तो तिरंदाज. माशाला तो चोचीने भोसकतो आणि हवेत उडवून गिळतो. आणि मुठीएवढी, शेपूटच नसल्यासारखी दिसणारी, दुर्बीण लावेपर्यंत पाण्याखाली गेलेली ती टिबुकली. तिचा खिंकाळल्यासारखा कर्कश आवाज एकदा कानात बसला की ती न दिसताही कळते.

पांढरे बगळे. म्हशींबरोबर किंवा ऊसतोड चालू असलेल्या फडात दिसणारा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. उसातून उठणारे किडे त्याला हवे असतात, पाण्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. चोच काळी आणि पाय काळे पण पंजे पिवळे, जणू मोजे घातलेत, तो छोटा बगळा. उथळ पाण्यात पाय हलवून मासे उठवतो. उंच, मानेला ठळक मोड, तोंडाची रेघ डोळ्याच्याही मागे गेलेली तो मोठा बगळा. मध्यम बगळा या दोघांच्या मधला, पहिल्या वर्षी शंका आली तर वहीत नुसतं ‘बगळा’ लिहून पुढे चला. खात्री नसताना नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

बदकांत हळदी-कुंकू आधी शिका. बारमाही इथेच असतं, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका, लांबूनही कळतं. अडई थव्याने, उडताना शीळ घालणारी. हिवाळ्यातल्या पाहुण्यांत थापट्या सगळ्यात सोपा: चोच पुढे उलथन्यासारखी रुंद, ती पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून गोल गोल फिरत चरतो. तलवार बदकाची शेपटी टोकदार, भुवई बदकाच्या नराला डोळ्यावर पांढरी ठळक भुवई. माद्या मात्र सगळ्यांच्या तपकिरी ठिपक्यांच्या आणि एकसारख्या. त्या सोडून द्या. ऑक्टोबरात नुकते आलेले नरही पिसं बदलत असल्याने माद्यांसारखेच दिसतात, तेव्हा त्या महिन्यात ओळख पटली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. जानेवारीत तेच पक्षी नटलेले असतात.

खंड्या तीन. चॉकलेटी डोकं आणि निळी पाठ असलेला, तारेवर बसून ओरडणारा तो नेहमीचा, त्याला पाणी नसलं तरी चालतं. चिमणीपेक्षा थोडाच मोठा, निळा-नारिंगी, पाण्यावरून बाणासारखा जाणारा तो छोटा. आणि काळा-पांढरा कवड्या खंड्या, जो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. रंकाळ्यावर कुणा लहान मुलाला पक्ष्यांची गोडी लावायची असेल तर त्याला हा दाखवा, बाकी काही करावं लागत नाही.

कमळपक्ष्यावर थोडं जास्त थांबावंसं वाटतं. तरंगत्या पानांवरून चालता यावं म्हणून त्याची बोटं अफाट लांब असतात, वजन पसरतं आणि पान बुडत नाही. लांब शेपटीचा कमळपक्षी हिवाळ्यात मातकट, आखूड शेपटीचा असतो आणि नवख्याला पटकन ओळखू येत नाही. पावसाळ्यात तोच पांढरे पंख, सोनेरी मान आणि कोयत्यासारखी वळलेली लांब काळी शेपटी घेऊन फिरतो. त्यांच्यात अंडी उबवण्याचं आणि पिल्लं सांभाळण्याचं काम नराकडे. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. पानावर बसलेल्या कमळपक्ष्याच्या पोटाखालून लांबलचक पाय लोंबताना दिसले तर चक्रावू नका: बाप पिल्लांना पंखाखाली घेऊन उभा असतो.

काठावरचे चिखलपक्षी, म्हणजे तुतवार आणि त्याचे भाईबंद, पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. शेकाट्या तेवढा शिका, लांब गुलाबी पायांवर उभा काळा-पांढरा पक्षी, चुकायची सोयच नाही. टिटवी शिकावी लागत नाही, ती स्वतःच ओरडून सांगते. तुमच्या डोक्यावर घिरट्या घालत जास्तच ओरडायला लागली तर तिचं घरटं जवळ आहे, जमिनीवर, उघड्यावर. पायाखाली बघत मागे फिरा.

काठावरची माणसं

दुर्बीण घेऊन उभं राहिलं की कोल्हापुरात पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, ‘काय बघालाय ओ?’ तुटक उत्तर देऊ नका. ‘पक्षी बघतोय मामा, घ्या, तुम्हीबी बघा’ म्हणून दुर्बीण पुढे करा. रोज म्हशी धुवायला आणणाऱ्याला आणि जाळं टाकणाऱ्याला तळ्याची जी माहिती असते ती कुठल्या पुस्तकात नसते. कुठल्या कोपऱ्यात पिल्लं निघालीत, परवा कुठला मोठा पक्षी उतरला होता, हे त्यांच्याकडून कळतं. नाव ते वेगळं सांगतील, वर्णन मात्र अचूक करतील.

घाटावर बायका कपडे धूत असतील, कुणी आंघोळ करत असेल तर दुर्बीण तिकडे वळवायचीच नाही, त्यांच्या मागच्या झाडावर कितीही दुर्मीळ पक्षी बसलेला असो. काठावरच्या घरांच्या खिडक्यांचंही तेच. यावरून विनाकारण वाद होतात.

पहाटे भटकी कुत्री असतात. दोघं-तिघं मिळून गेलेलं बरं, विशेषतः कळंब्याच्या मागच्या बाजूला. उंच गवतात आणि बेशरमाच्या झुडपांत घोणस असू शकते, म्हणून चप्पल नको. आणि वरून वाळलेला दिसणारा चिखल आत मऊ असतो. फोटोसाठी त्यात पाय टाकण्याचं धाडस करू नका.

हे करू नका

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं नको. त्याला दुसरा नर हद्दीत घुसल्यासारखं वाटतं आणि विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून भांडायला येतो. घरट्याचे फोटो काढून ठिकाण सगळ्यांना सांगू नका, दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागते. थवा उडवून फोटो काढण्यासाठी दगड मारणारे महाभाग असतात, त्यांना तिथल्या तिथे टोकावं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तुमच्या एका फोटोसाठी उठवण्यात काय पुरुषार्थ? पाव, शेव, फरसाण टाकू नये. पक्ष्यांच्या पोटाला ते चांगलं नाही आणि पाण्यालाही. रंकाळ्याच्या चौपाटीवरची भेळ आपण खावी, पक्ष्यांना देऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार पक्षी पकडणं, मारणं, अंडी उचलणं हा गुन्हा आहे.

नायलॉनच्या मांजात किंवा टाकून दिलेल्या जाळ्यात अडकलेला पक्षी सापडला तर ओढाताण करू नका. अंगावर हलकं फडकं टाका, अंधार झाला की तो शांत होतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका, आणि वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. बगळ्याच्या जातीचा असेल तर तुमचे डोळे सांभाळा. तो घाबरला की थेट तोंडावर चोच मारतो.

नोंद आणि पुढचं

प्रत्येक वेळी वहीत तारीख, वेळ, ठिकाण, हवा आणि दिसलेले पक्षी आकड्यांसह लिहा. ‘खूप वारकरी’ याला अर्थ नाही. मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा आणि तेवढे तुकडे सगळ्या थव्यावर पाडत जा. शंभराच्या पुढे गेलं की शंभराचा तुकडा करा. आकडा थोडा चुकेल, पण अंदाज अंदाजासारखा येईल.

हीच नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते, फुकट आहे. तिथे दिसलेले सगळे पक्षी टाका, कावळे आणि कबुतरांसकट. फक्त खास पक्षी टाकले तर नोंद अपुरी राहते. ओळखायला मर्लिन हे अॅप मदतीला येतं, पण त्याने सांगितलं म्हणजे झालं असं नाही. वाहनांच्या आवाजात ते भलतीच नावं सुचवतं. त्याचं उत्तर पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघायची सवय लावा.

5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. 5 तारीख मारुती चितमपल्लींचा आणि 12 तारीख सलीम अलींचा जन्मदिवस. या आठवड्यात जाणकारांबरोबरच्या फेऱ्या निघतात, नवख्याने त्यातली एक तरी गाठावी. फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकाच वेळी आपापल्या परिसरातले पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो, त्यात गच्चीवरूनही भाग घेता येतो. तोवर तुमचं तळं पाठ झालं असेल तर मग खुशाल खटाव तालुक्यातल्या मायणीला जा. पक्ष्यांसाठी राखीव जाहीर झालेलं ते आपल्या जवळचं पाणी आहे.

आणि जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आशियाभर 1987 पासून चालू असलेली. अशा मोजणीत नवख्याला बहुधा आकडे लिहून घ्यायचं काम मिळतं. ते हलकं समजू नका, आवर्जून मागून घ्या. जाणता माणूस दुर्बिणीतून एकेक नाव आणि आकडा सांगत जातो, तुम्ही लिहिता लिहिता त्याच दिशेला बघत राहता, आणि ‘ती मादी कशावरून ओळखली?’ असं विचारायचा हक्क आपोआप मिळतो. पाटी, पेन्सिल आणि थर्मासभर चहा घेऊन जा. चहा सगळ्यांना पुरेल एवढा न्या.